दूरशिक्षणातील गळती आणि अभ्यासकेंद्राचे कर्तव्य

(मुक्त शिक्षणाच्या अभ्यासकेंद्रांचे संयोजक व समंत्रक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग.)



शिक्षणसंस्थेचे मोठेपण तिच्या प्रवेशसंख्येवरून मोजण्याची आपल्याकडे रीत आहे. यंदा किती विद्यार्थ्यांनी नाव नोंदविले, हा आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर येतो. त्यांपैकी किती जण पदवीपर्यंत पोहोचले, हे शोधावयाचे तर बरीच पाने उलटावी लागतात. आणि मधल्या वाटेवर कोण, कोठे व कशामुळे थांबले, हे तर बहुधा कोठेच लिहिलेले नसते. आज मला या न लिहिल्या गेलेल्या पानाविषयी बोलावयाचे आहे.

‘गळती’ हा शब्द शिक्षणाच्या चर्चेत नवा नाही. १९२९ साली हार्टोग समितीने भारतातील प्राथमिक शिक्षणाची पाहणी करताना गळती व स्थगिती या दोन दोषांकडे देशाचे लक्ष वेधले. शाळेत नाव घातलेले मूल शिक्षण पुरे होण्याआधीच शाळा सोडते, ही गळती. ते एकाच इयत्तेत एकाहून अधिक वर्षे अडकून पडते, ही स्थगिती. सर्वांत मोठी गळती पहिल्या इयत्तेतच होते, हेही त्या वेळी दिसून आले. दूरशिक्षणाच्या मार्गाने चालणाऱ्या उच्च शिक्षणाला हे निदान जवळजवळ जसेच्या तसे लागू पडते. येथील विद्यार्थी वयाने मोठा असतो, स्वतःच्या इच्छेने आलेला असतो, बहुधा स्वतःच्या कमाईतून शुल्क भरतो. तरीही गळतीची पहिली आणि सर्वांत मोठी जागा तीच आहे: अगदी आरंभीची पायरी.

दूरशिक्षणाचा विस्तार

आपल्या देशात १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणास प्रारंभ केला. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये हे कार्य हाती घेतले. १९८२ मध्ये हैदराबाद येथे देशातील पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले; आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ अस्तित्वात आले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन प्रा. राम ताकवले यांच्या कुलगुरुपदाच्या काळात नाशिकच्या विद्यापीठाची उभारणी झाली. ज्यांच्यापाशी बारावीचे प्रमाणपत्र नाही, त्यांच्यासाठीही पूर्वतयारी शिक्षणक्रमाच्या रूपाने पदवीची वाट खुली करण्यात आली.

या प्रयत्नांचे फळ आकड्यांत दिसते. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात उच्च शिक्षण घेणाऱ्या सुमारे ४ कोटी १४ लाख विद्यार्थ्यांपैकी ४५ लाख ७१ हजार विद्यार्थी दूरशिक्षणाच्या मार्गाने शिकत होते. म्हणजे दर नऊ विद्यार्थ्यांमागे एक. त्यांत २० लाख ९० हजारांच्या आसपास स्त्रिया होत्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील ढोबळ नोंदणीचे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते केवळ नव्या इमारती बांधून साध्य होणारे नाही. त्याचा मोठा भार दूरशिक्षणावर येणार. परंतु नोंदणी वाढली आणि गळतीही तितकीच वाढली, तर आपण प्रगती केली असे म्हणता येईल काय?

निघून जाणाऱ्याचा आवाज होत नाही

महाविद्यालयात शिकणारा मुलगा आठ दिवस आला नाही, तर त्याचे बाक रिकामे दिसते. मित्र विचारतात, प्राध्यापक हजेरीपटावर खूण करतात. दूरशिक्षणातील विद्यार्थ्याला बाकच नसते. तो निघून जातो तेव्हा राजीनामा लिहून देत नाही. पुस्तके घरी आलेली असतात, पहिले प्रकरण चाळलेले असते. ‘दिवाळी झाली की बसू’, ‘लग्नाचे आटोपले की बसू’ असे म्हणता म्हणता वर्ष सरते. आपण शिक्षण नेमके कोणत्या दिवशी सोडले, हे पुष्कळदा त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

या मूक गळतीचे प्रकार वेगवेगळे आहेत, आणि ते वेगळे न केल्यास उपायही चुकतात. काही विद्यार्थी नाव नोंदवून अभ्यासाला आरंभच करीत नाहीत. काही आरंभ करतात, पण पहिल्या स्वाध्यायापाशी थबकतात. काही स्वाध्याय लिहितात, परंतु परीक्षेला बसत नाहीत. काही परीक्षेला बसून एखाद्या विषयात अनुत्तीर्ण होतात आणि मग पुन्हा फिरकत नाहीत. पाचवा प्रकार मात्र निराळा आहे. हिशेबनिसाला एका विषयाचे ज्ञान हवे होते, ते मिळाले आणि तो थांबला. त्याला गळती म्हणणे अन्यायाचे होईल.

इंग्लंडमधील ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये राजसनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांसह तिचे अध्यापन सुरू झाले. त्या विद्यापीठाने एक शहाणपणाची पद्धत अवलंबिली. प्रथम तात्पुरती नोंदणी करावयाची, काही महिने अभ्यास करून पाहावयाचा आणि मग शुल्काचा उरलेला भाग भरून नोंदणी कायम करावयाची. आरंभीच्या काळात थांबणारा विद्यार्थी त्यामुळे मोठ्या खर्चात पडत नसे आणि संस्थेलाही आपली खरी विद्यार्थिसंख्या कळत असे.

महाजालावरील खुल्या अभ्यासक्रमांच्या युगात ही अडचण संपेल, अशी पुष्कळांची समजूत होती. २०१९ च्या जानेवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात हार्वर्ड आणि एम. आय. टी. या संस्थांच्या अशा अभ्यासक्रमांचा आढावा प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदविणाऱ्या दर शंभरांपैकी सुमारे तिघांनीच अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे त्यात आढळले. नाव नोंदविणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी तर अभ्यासक्रमात पाऊलही ठेवले नव्हते. तेथे नोंदणी विनामूल्य होती, तेव्हा शुल्क भरून पदवीसाठी आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांशी त्याची थेट तुलना करणे योग्य नव्हे. परंतु यंत्र कितीही उत्तम असले, तरी केवळ यंत्र हाती दिल्याने माणूस अभ्यासाला बसत नाही, एवढा बोध त्यातून निश्चित घ्यावा.

कारणे बुद्धीत नाहीत, परिस्थितीत आहेत

‘विद्यार्थी कच्चे असतात, म्हणून गळतात’ हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, पण ते अपुरे आहे. ज्याने पहिला स्वाध्याय लिहिलाच नाही, त्याची बुद्धी आपण केव्हा तपासली?

अमेरिकन अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली असे मांडले की, विद्यार्थी संस्थेच्या शैक्षणिक व सामाजिक जीवनात किती सामावला जातो, यावर त्याचे टिकणे अवलंबून असते. डेव्हिड केंबर यांनी १९८९ मध्ये हा विचार दूरशिक्षणाकडे वळविला. दूरस्थ विद्यार्थ्याचे सामाजिक जीवन महाविद्यालयाच्या आवारात नसते. ते त्याच्या घरात आणि कामाच्या ठिकाणी असते. म्हणून विद्यार्थी संस्थेत सामावतो की नाही, याबरोबरच त्याचा अभ्यास त्याच्या घरात सामावतो की नाही, हा प्रश्न विचारावा लागतो. मायकेल मूर यांनी तर दूरशिक्षणातील ‘दूर’ या शब्दाचाच अर्थ बदलला. हे अंतर मैलांचे नसून संवादाच्या अभावाचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अभ्यासकेंद्राच्या शेजारच्या गल्लीत राहणारा विद्यार्थी दूर असू शकतो, आणि सातपुड्यातील धडगावचा विद्यार्थी जवळ असू शकतो.

हे विचार आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर ठेवून पाहू. अंगणवाडी सेविका दिवसभर पोषण आहार, वजनाच्या नोंदी आणि गृहभेटी आटोपून घरी येते, तेव्हा तिचा दुसरा दिवस चुलीपाशी सुरू होतो. अभ्यासासाठी घरातील माणसांनी तिला रोज एक तास मोकळा दिला नाही, तर उत्तम छापलेले पाठ्यपुस्तकही तिच्या उपयोगाचे नाही. शेतकरी विद्यार्थ्याचे वर्ष मृगापासून मोजले जाते. पेरणी, सुगी आणि लगीनसराई यांच्याशी टक्कर घेणारे वेळापत्रक त्याला हरविणारच. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्यातील एखाद्या तरुणाने नाव नोंदविले असेल, तर समंत्रणाचे वर्ग त्याच्या गावी भरतात आणि तो मात्र दोन जिल्हे पलीकडे फडात असतो. मुलगी लग्न होऊन सासरी जाते, तेव्हा तिचे नाव माहेरच्या अभ्यासकेंद्रात राहते. केंद्र बदलून घेणे तिला जमले नाही, तर तिच्या शिक्षणाचा धागा तेथेच तुटतो.

आणखी एक साधे, पण घातक कारण सांगतो. प्रवेशाचे अर्ज आज संगणकावर भरले जातात. पुष्कळ विद्यार्थी ते सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात जाऊन भरून घेतात. अर्जावर भ्रमणध्वनी क्रमांक पडतो तो कधी भावाचा, कधी केंद्रचालकाचा. ई-मेलचा पत्ता तेथेच तयार होतो आणि त्याचा परवलीचा शब्द विद्यार्थ्याला ठाऊकच नसतो. पुढे विद्यापीठ जे जे कळविते, ते सर्व त्या अनोळखी पेटीत जाऊन पडते. विद्यार्थी म्हणतो, मला काही कळविले नाही. कार्यालय म्हणते, आम्ही कळविले. दोघेही खरे बोलत असतात.

अनुभवाने सिद्ध झालेले उपाय

गळती संपूर्णपणे थांबविणे कोणालाच साधलेले नाही. पण ती कमी करता येते. नॉर्वेतील एन. के. आय. या पत्रद्वारा शिक्षण देणाऱ्या संस्थेत टॉर्स्टाइन रेकेडाल यांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांनी पाठविलेले स्वाध्याय तपासून परत मिळण्याचा अवधी त्यांनी एका गटासाठी कमी केला. ज्यांना उत्तरे लवकर परत मिळाली, त्यांच्यात अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे अधिक आढळले. पुस्तक तेच, शिक्षक तेच; फरक पडला तो केवळ काही दिवसांचा.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत १९७० च्या दशकात विद्यार्थ्याला विषयाच्या पलीकडेही साथ देणाऱ्या मार्गदर्शक-समुपदेशकाची योजना होती. पुढे त्याच विद्यापीठात ऑर्मंड सिम्प्सन यांनी, विद्यार्थ्याने मदत मागण्याची वाट न पाहता आपणच आधी संपर्क साधावा, या पद्धतीचा अभ्यास केला. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी ज्यांना दूरध्वनी केला गेला, त्यांच्यात टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा काही टक्क्यांनी वाढले. काही टक्के ही लहान गोष्ट वाटेल. पण हजार विद्यार्थ्यांत ते पन्नास झाले, तर पन्नास कुटुंबांचा प्रश्न त्यात आला. या उपायांतील एकालाही मोठे भांडवल लागत नाही. त्याला माणूस लागतो आणि वेळेचे भान लागते. ही दोन्ही साधने अभ्यासकेंद्रापाशी आहेत. म्हणून तुमच्यापुढे काही ठोस गोष्टी ठेवतो.

अभ्यासकेंद्राने काय करावे?

पहिली गोष्ट, प्रवेशानंतर पंधरा दिवसांत प्रत्येक विद्यार्थ्याशी एकदा प्रत्यक्ष बोलावे. अर्जावरील क्रमांक त्याचाच आहे ना, पुस्तके हाती आली ना, ती छापील आहेत की भ्रमणध्वनीच्या लहानशा पडद्यावर वाचावी लागणार आहेत, एवढे विचारले तरी पुष्कळ अडचणी पुढे येतील.

दुसरी गोष्ट, पहिल्या संपर्कसत्रात विषय शिकविण्याची घाई करू नये. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या माणसाला प्रथम अभ्यास कसा करावा हे हवे असते. आठवड्यातील कोणते तास आपले, घरात बसण्याची जागा कोणती, उत्तर लिहावयास आरंभ कसा करावा, हे त्याच्यासमवेत बसून ठरवावे. शक्य असेल तेथे घरातील एका व्यक्तीलाही त्या दिवशी बोलवावे. सुनेच्या अभ्यासाचा तास सासूने मान्य केला, तर त्याचे मोल दहा व्याख्यानांहून अधिक आहे.

तिसरी गोष्ट, पहिला स्वाध्याय लहान आणि लवकर असावा, व तो पंधरा दिवसांत परत जावा. केवळ गुण मांडून तो परत करू नये. ‘हा मुद्दा चांगला आहे’, ‘येथे तुमच्या गावचे उदाहरण द्या’ अशा दोन ओळी समंत्रकाने स्वतःच्या अक्षरात लिहाव्यात. अनेक ठिकाणी तयार स्वाध्याय विकत मिळतात आणि विद्यार्थी ते उतरवून काढतात, ही तक्रार आपण सर्वांनी ऐकली आहे. परंतु लिहिलेले कोणी वाचतच नाही असे वाटू लागले, की ते विकत घेण्याची बुद्धी होते. दूरशिक्षणात स्वाध्याय हा गुरु-शिष्यांमधील बहुधा एकमेव संवाद असतो. तो तुटला तर उरते ती केवळ परीक्षा.

चौथी गोष्ट, एका तालुक्यातील किंवा एका बाजारगावच्या परिसरातील विद्यार्थ्यांची लहान अभ्यासमंडळे करावीत. पाच-सहा जण आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या वाचनालयात तासभर एकत्र बसले, तरी एकटेपणा कमी होतो. भ्रमणध्वनीवरील गटांचा यासाठी उपयोग आहे; पण नुसती परिपत्रके पुढे पाठविणे म्हणजे संवाद नव्हे.

पाचवी गोष्ट, केंद्राचे वेळापत्रक ठरविताना परिसराचे पंचांग पाहावे. परीक्षेच्या तारखा तुमच्या हाती नाहीत. समंत्रणाच्या तारखा आहेत. हंगामासाठी गाव सोडणाऱ्यांची आणि सासरी जाणाऱ्या मुलींची नावे आधी विचारून घ्यावीत आणि केंद्रबदलाचा अर्ज भरण्यास त्यांना आपणच साहाय्य करावे.

सहावी गोष्ट, प्रत्येक केंद्राने एक साधी नोंदवही ठेवावी. तिच्यात चार रकाने पुरेत: प्रवेश, पहिला संपर्क, पहिला स्वाध्याय, पहिली परीक्षा. वर्षअखेरीस कोणता रकाना सर्वाधिक रिकामा राहिला, हे पाहिले की आपल्या केंद्रातील गळतीची जागा सापडते. राज्यभराची सरासरी कळली नाही तरी चालेल. आपल्या केंद्राचे छिद्र आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

दोन आक्षेप

येथे कोणी म्हणेल की, मानधन थोडे, विद्यार्थी शेकडो. एवढे सारे करावयास वेळ कोठून आणावा? ही अडचण खरी आहे, आणि समंत्रकाचे मानधन व मनुष्यबळ यांचा विचार विद्यापीठांनी व शासनाने करावयास हवा, यात शंका नाही. तथापि सर्व विद्यार्थ्यांकडे सारखेच लक्ष पुरविण्याची गरज नसते. ज्यांचा पहिला स्वाध्याय वेळेवर आला, ते बहुधा आपल्या पायांनी चालतात. ज्यांचा आला नाही, त्यांची यादी करा आणि तेथे वेळ द्या.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुक्त शिक्षण प्रौढांसाठी आहे, जबाबदारी त्यांची आहे. त्यांना हात धरून नेण्याने पदवीचा दर्जा खालावेल, असे काहींना वाटते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केले की, मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरशिक्षणाने मिळविलेल्या पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष मानल्या जातील. तेव्हा दर्जा राखलाच पाहिजे. परंतु परीक्षा सोपी करणे आणि परीक्षेपर्यंत पोहोचणे सोपे करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीने पदवीचे मोल घटते, दुसरीने माणसाचे मोल वाढते. प्रवेशाचे दार खुले ठेवून आतील वाट अंधारी ठेवली, तर ते खुलेपण नावापुरतेच राहील.

परतण्याची वाट

एवढे करूनही काही विद्यार्थी थांबतील. आजारपण, दुष्काळ, कुटुंबातील मृत्यू यांवर अभ्यासकेंद्राचा अधिकार चालत नाही. अशांसाठी परतीची वाट मोकळी ठेवणे हे आपले काम आहे. नेल्सन मंडेला यांनी विटवॉटर्सरँड विद्यापीठातील कायद्याचा अभ्यास पदवी न घेताच १९५२ मध्ये सोडला. १९६२ मध्ये कारावासात गेल्यानंतर त्यांनी लंडन विद्यापीठाचा अभ्यासक्रम घेतला. तोही पूर्ण झाला नाही. अखेर १९८९ मध्ये, कारावासाच्या शेवटच्या काळात, दक्षिण आफ्रिका विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून त्यांनी कायद्याची पदवी मिळविली. गळतीच्या कोष्टकात त्यांचे नाव दोनदा आले असते!

आपल्याकडे २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढीची योजना सुरू झाली. मिळविलेले श्रेयांक तिच्यात जमा राहतात आणि विहित मुदतीत पुढील शिक्षणासाठी वापरता येतात. नव्या धोरणानुसार एक वर्षाच्या शिक्षणानंतर प्रमाणपत्र व दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबण्याची सोयही आहे. परंतु ही सोय थांबणाऱ्याला ठाऊक असली तरच तिचा उपयोग. ‘तुमचे झालेले शिक्षण वाया गेलेले नाही, पुन्हा या’ असे दोन ओळींचे पत्र प्रत्येक केंद्राने थांबलेल्या विद्यार्थ्याला पाठवावे.

मित्रहो, शिक्षण सोडणाऱ्याचे शुल्क जाते, वर्ष जाते. पण सर्वांत मोठे नुकसान याहून निराळे आहे. चाळिशीतील एखादी स्त्री धीर करून नाव नोंदविते आणि कोणी न विचारल्यामुळे थांबते, तेव्हा ‘शिक्षण आपल्यासाठी नव्हेच’ असा निकाल ती स्वतःविरुद्ध देते. घरातील माणसेही तोच निकाल देतात आणि पुढे तिच्या मुलीच्या शिक्षणाची वेळ आली की त्याचाच दाखला काढतात. म्हणून एका विद्यार्थ्याची गळती ही एका विद्यार्थ्यापुरती राहत नाही.

ज्ञानगंगा घरोघरी नेण्याचे व्रत महाराष्ट्राने घेतले आहे. पाणी दारापर्यंत आले. ते घागरीत भरले गेले की नाही, हे पाहण्याचे काम दारापाशी उभ्या असलेल्या माणसाचे आहे. तो माणूस म्हणजे तुम्ही. येत्या सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात आपापल्या केंद्राची यादी समोर घ्या आणि पहिला दूरध्वनी करा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.